उत्तर युरोपातल्या जंगलातली अळंबी : काय उचलावं, काय सोडावं

देवराई (उप्साला, स्वीडन)

ऑगस्ट निम्मा झाला, चांगले पाऊस पडून गेले आणि आमच्या इथल्या मराठी गटावर रोज फोटो यायला लागले. हे खातात का, हे विषारी का, हे आपल्या अळंबीसारखंच दिसतंय ना. सुटी सुटी उत्तरं देऊन गोंधळ वाढतो, म्हणून मला जे नक्की माहीत आहे ते एका जागी लिहिते आहे. स्वीडनबद्दल जास्त लिहीन, कारण इथली जंगलं मी पायाखाली घातली आहेत. फिनलंड, नॉर्वेकडच्यांनी भर घालावी.

सुरुवात धोक्यापासूनच करते. पावसाळ्यात अळंबी खाऊन वाढलेल्या माणसाला इथे अगदी नवख्यापेक्षा जास्त धोका असतो. ज्याला काहीच येत नाही तो हात लावत नाही. ज्याला गावाकडची ओळख आहे त्याला पांढरी छत्री दिसली की ती आपलीच वाटते. कोकण-गोव्यातली वारुळावरची अळंबी इथे उगवतच नाही. तिला वाळवी लागते आणि या थंडीत ती वाळवी नाही. इथे स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) रानात शेवाळातून जी निखळ पांढरी, उंच, सुबक छत्री वर येते ती अमानिटा व्हायरोसा असू शकते. स्वीडिश लोक तिला वीत फ्लूगस्वाम्प म्हणतात. तिची हिरवट टोपीची बहीण अमानिटा फॅलॉइडिस दक्षिणेकडे ओक आणि बीचच्या झाडांखाली सापडते. दोघींतलं विष एकच, अमॅटॉक्सिन. उकळा, वाळवा, गोठवा, ते जात नाही. एक मोठी छत्री माणसाला मारायला पुरते.

परक्या मुलखातून आलेल्यांचाच यात घात होतो, हे वारंवार दिसलं आहे. २०१५ साली जर्मनीत आलेल्या निर्वासितांमध्ये अशा विषबाधा इतक्या झाल्या की हानोवरच्या वैद्यकीय विद्यापीठाने अनेक भाषांत इशारे काढले. २०२१ साली पोलंडमध्ये अफगाणिस्तानातून आलेल्या एका कुटुंबातली दोन लहान मुलं जंगलातल्या अळंबीचं सूप पिऊन गेली. ती माणसं बेफिकीर नव्हती. त्यांनी ओळखीचं समजून उचललं.

म्हणून माझा पहिला नियम: स्वीडनमध्ये पहिली काही वर्षं पूर्ण पांढरी अळंबी उचलायचीच नाही. शॅम्पिन्यॉन (बटण मशरूमच्या जातीची) वाटली तरी नाही. कोवळी फ्लूगस्वाम्प आणि कोवळी शॅम्पिन्यॉन शेजारी ठेवल्या तर भलेभले थांबून बघतात.

आता चांगल्याकडे वळू. सगळ्यांना हवी असते ती कान्तारेल. रंग अंड्याच्या बलकासारखा. ही ओळखायची ती पालथी करून. छत्रीखाली सुटे पातळ पडदे नसतात. जाडसर, बोथट शिरा असतात, त्या फाटे फोडत देठावर उतरत जातात. नखाने खरवडल्या तर पडद्यासारख्या सुट्या होत नाहीत, कारण त्या गराचाच भाग आहेत. देठ उभा फाडला की आतला गर पांढरट दिसतो. नाकाशी धरलं तर जर्दाळूचा मंद वास येतो. हिची नक्कल करणारी एक आहे, नार्रकान्तारेल. तिचा रंग जास्त नारिंगी, अंग मऊ, गर आतूनही नारिंगी आणि खाली खरे, दाट, पातळ पडदे. ती जीवघेणी नाही, पण पोट बिघडू शकतं आणि चवही नाही.

माझ्या मते नवशिक्याने कान्तारेलपेक्षा आधी ब्लेक टागस्वाम्प शिकावी. फिकट बिस्किटी रंगाची, ओबडधोबड. पालथी केली की खाली ना पडदे, ना शिरा, ना छिद्रं. बारीक मऊ काट्यांची दाट रांग असते आणि बोट फिरवलं की ते काटे सहज मोडून पडतात. तिच्यासारखी दिसणारी जीवघेणी जात इथे नाही. जून झाली की थोडी कडू लागते, तेव्हा काटे खरवडून टाकायचे.

तिसरी कार्ल युहान, म्हणजे बोलेटस एडुलिस. खाली स्पंजासारखी छिद्रं, देठ जाड, वरच्या भागात पांढरी बारीक जाळी. नाव पडलंय ते कार्ल चौदावा युहान या राजावरून. जन्माने फ्रेंच, नेपोलियनचा सेनानी, १८१८ मध्ये स्वीडन-नॉर्वेच्या गादीवर आला. त्याला ही आवडायची आणि त्याच्यामुळे इथल्या वरच्या वर्गात ती रुजली. तोवर सामान्य स्वीडिश शेतकरी अळंबीला गुरांचं खाणं समजायचा. १८६७-६८ च्या दुष्काळात सरकारला लोकांना समजावून सांगावं लागलं की जंगलातली अळंबी खा. तेही फारसं कुणी ऐकलं नाही. आणि याच देशात, याच उप्सालात, एलियास फ्रीस या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात अळंबीशास्त्राचा पाया घातला होता! हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडच्या कित्येकांना वाटतं की इथल्या लोकांच्या रक्तातच ही विद्या आहे. तसं नाही. त्यांनी ती शिकून घेतली आहे, बरीचशी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. आपल्यालाही तशीच शिकता येते.

आता ज्यासाठी मी हा धागा काढला ते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेवाळात शेकड्यांनी उगवणारी त्रात्तकान्तारेल. तपकिरी टोपी, मध्ये खड्डा, पिवळट-करडा देठ. एकदा डोळा बसला की टोपली भरून निघते, आणि तिथेच घात होतो. त्याच शेवाळात, त्याच स्प्रूसखाली, कधी कधी अगदी तिच्या गर्दीत टोप्पिग यिफ्तस्पिंडलिंग उगवते. कॉर्टिनारियस रुबेलस. हिचं विष मूत्रपिंडं निकामी करतं. फरक असा: त्रात्तकान्तारेलचा देठ पोकळ आणि बरेचदा चपटलेला असतो, हिचा भरीव. तिच्याखाली शिरा, हिच्याखाली जाड, विरळ, गंजाच्या रंगाचे खरे पडदे. तिच्या टोपीला खड्डा, हिच्या टोपीला बहुतेकदा टोक. हिच्या देठावर पिवळसर वेडेवाकडे पट्टे असतात. त्रात्तकान्तारेल मूठभर ओरबाडून टोपलीत टाकायची नाही. एकेक उचलायची, पालथी करायची, मग टाकायची. घरी निवडताना पुन्हा एकदा.

कायद्याचं थोडक्यात: स्वीडन, नॉर्वे, फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलातही अळंबी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे, तुमचा पासपोर्ट कुठलाही असो. कुणाच्या घराच्या आवारात किंवा पेरलेल्या शेतात शिरायचं नाही. राखीव वनांचे नियम वेगळे असतात, ते पाटीवर वाचावेत. डेन्मार्कमध्ये खासगी जंगलात वाटेवरून हाताला येईल तेवढंच घेता येतं.

शिरीष_पेडणे (गोवा)

फार चांगला धागा. मी तिकडे राहत नाही, पण मुलगी स्टॉकहोमला असते, तिला पाठवला. एक भर. आमच्या रोयणीवरच्या (वारुळावरच्या) ओळम्यांना, म्हणजे अळंब्यांना, टोपीला टोक असतं आणि देठ खाली मुळासारखा लांब होत वारुळात शिरतो. बुडाशी पिशवी नसते. जुनी माणसं अर्धवट उपटलेली ओळमी घेत नाहीत, बूड बघूनच घेतात. तुमच्या त्या पांढरीला बुडाशी काय असतं?

देवराई

शिरीषदादा, नेमका प्रश्न विचारलात. पिशवी असते. ती मातीत किंवा शेवाळात गाडलेली असते, म्हणून वरून कापली तर पुरावा जमिनीतच राहतो. देठावर कडं असतं, पण ते पावसात गळून पडलेलं असू शकतं. न ओळखलेली अळंबी नेहमी बोटं खाली घालून बुडासकट काढायची, सुरी लावायची नाही.

आणि पिशवी दिसली म्हणजे लोक सावध होतातच असं नाही. भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या अळंबीलाही बुडाशी पिशवी असते. आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तीच समजून अमानिटा फॅलॉइडिस खाल्ली आहे. पेंढ्यावरच्या अळंबीचे पडदे पुढे गुलाबी होतात, अमानिटाचे पांढरेच राहतात. पण हा फरक घरी बसून वाचण्यासाठी. याच्या भरवशावर कुणी पांढरी छत्री शिजवू नये.

निशिगंध (ट्रॉन्डहाइम, नॉर्वे)

मी इथे रुग्णालयात काम करतो, म्हणून लक्षणांबद्दल लिहितो. देवराईताईंनी सांगितलेली दोन विषं दोन वेगळ्या वेळापत्रकांनी काम करतात आणि दोन्ही फसवतात.

अमॅटॉक्सिन: खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग जोरदार उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. ते दुसऱ्या दिवशी कमी होतात. माणसाला वाटतं सुटलो, पाहुणे निघून जातात, कामाला जायची तयारी होते. त्याच वेळात यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, गुंगी. लवकर आलेल्या रुग्णाला कोळशाची मात्रा, भरपूर सलाइन, सिलिबिनिन हे यकृतासाठीचं औषध यांचा उपयोग होतो. उशीर झाला तर यकृत प्रत्यारोपणाशिवाय मार्ग राहत नाही.

ओरेलॅनिन, म्हणजे त्या तपकिरी कॉर्टिनारियसमधलं विष, याहून लबाड. दोन दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत शांतता. मग खूप तहान, कंबरदुखी, लघवी आधी जास्त आणि मग बंद. यावर उतारा नाही. १९५२ साली पोलंडमध्ये हेच विष असलेल्या एका भावंड-जातीने शंभराहून अधिक माणसं आजारी पडली, त्यातली ११ दगावली. कारण सापडायला वर्षं गेली, कारण खाणं आणि आजार यांच्यात इतकं अंतर होतं की कुणी दोन्हींचा संबंध जोडलाच नाही.

त्यामुळे एकच विनंती. शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका. स्वीडनमध्ये ११२ लावून विष-माहिती केंद्र मागा; नॉर्वे, फिनलंडमध्येही अशी केंद्रं दिवसरात्र चालू असतात. उरलेली भाजी, सोललेला कचरा, काही फेकू नका. त्यावरूनच ओळख पटते.

लसूण काळा पडतो, चांदीचं नाणं काळं पडतं, गोगलगाईने खाल्लं म्हणजे चालतं, हे सगळं खोटं आहे. गोगलगाई अमानिटा मजेत खातात.

पायवाट (टांपेरे, फिनलंड)

फिनलंडकडून. इथे येऊन स्वीडनच्या यादीवर विसंबू नका आणि इथली यादी तिकडे नेऊ नका, हे माझं सांगणं.

कोर्वासिएनीचं उदाहरण घ्या. मे महिन्यात रेताड जमिनीवर, तोडलेल्या जंगलाच्या कडेला उगवते, मेंदूच्या घड्यांसारखी तपकिरी. कच्ची प्राणघातक आहे. तरी इथल्या बाजारात ताजी विकली जाते आणि विकणाऱ्याला शिजवण्याची माहितीपत्रिका द्यावीच लागते. भरपूर पाण्यात दोनदा उकळायची, दोन्ही पाणी फेकायचं, मध्ये नीट धुवायची, आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण वाफही विषारी असते. तिच्यातल्या द्रव्यापासून जे विष बनतं ते अग्निबाणाच्या इंधनातही वापरलं जातं. गरोदर बायका आणि लहान मुलांना इथले तज्ज्ञही नको म्हणतात. स्वीडनचं अन्न प्रशासन तर सांगतं, खाऊच नका. आपण आपल्या घरात आणायची नाही, असं आमच्याकडे ठरलेलं आहे.

दुसरी कार्वारोउस्कु. कडेला लोकर असलेली गुलाबी टोपी, मोडली की तिखट दूध येतं. स्वीडन-नॉर्वेत तिला विषारी म्हणतात. इथे उकळून, पाणी टाकून, मिठात मुरवतात आणि नाताळात कांदा-सायीबरोबर तिची कोशिंबीर होते. ही पूर्वेकडची, कारेलियाची रीत. पश्चिम फिनलंडमध्ये पूर्वी अळंबी फारसं कुणी खात नसे. दुसऱ्या महायुद्धात कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांवर माणसं विस्थापित होऊन देशभर विखुरली आणि त्यांच्याबरोबर मिठातली अळंबी पश्चिमेकडे आली. माझ्या शेजारच्या आजी अशाच घरातल्या. त्यांच्या तळघरात बरणीत थरावर थर असतो, वर लाकडी चकती आणि तिच्यावर नदीतला धुतलेला गोटा. मला त्यांनी आधी उकळायला शिकवलं, वेचायला नंतर.

वेचलेली अळंबी विकली तर इथे त्या उत्पन्नावर कर नाही. पूर्व फिनलंडमधली बोलेटस व्यापारी गोळा करतात आणि ती इटलीला जाते.

बागेश्री (माल्मो)

मोबाइलवर फोटो काढला की नाव सांगणारी ॲप्स आहेत ना? ती वापरली तर? आणि कापावं की उपटावं यावर इथे दोन स्वीडिश मैत्रिणी माझ्यासमोर भांडल्या. कापलं नाही तर पुढच्या वर्षी येत नाही म्हणे.

देवराई

बागेश्री, ॲपने नाव शोधायला हरकत नाही. ताटात काय जाईल हे ॲपने ठरवू नये. फोटोत वास नसतो, देठ पोकळ की भरीव हे दिसत नाही, बूड जमिनीत असतं. तुम्ही माल्मोत आहात, तुमच्याकडे बीच-ओकची जंगलं आहेत, म्हणजे अमानिटा फॅलॉइडिसचाच मुलूख. जास्तच सांभाळा. नॉर्वेत मात्र एक उत्तम सोय आहे: प्रशिक्षित अळंबी-तपासनीस शरद ऋतूत ठरलेल्या जागी बसतात आणि तुमची टोपली फुकट तपासून देतात. फोटोवरून तपासणारी माणसंही आहेत, पण तिथे उत्तर देणारा माणूस असतो. स्वीडनमध्ये अळंबी-सल्लागार असतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अळंबी दिनाला गावोगावी प्रदर्शनं भरतात. शक्य असेल तर जाच. ताजी अळंबी हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही.

कापण्याचं: स्वित्झर्लंडमध्ये जवळपास ३० वर्षं मोजमाप करून पाहिलं. कापा किंवा उपटा, पुढच्या पिकावर परिणाम होत नाही. आपल्या पायांनी तुडवल्याने मात्र त्या जागी कमी उगवतात. खरा जीव जमिनीखालच्या जाळ्यात असतो आणि ते जाळं झाडाच्या मुळांशी जोडलेलं असतं. झाड साखर देतं, बुरशी पाणी आणि क्षार देते. म्हणून कान्तारेल शेतात लावता येत नाही. म्हणूनच जंगल सपाट तोडलं की तिथली कान्तारेल संपते. माझी एक आवडती जागा यंत्रं येऊन गेल्यावर नुसत्या खुंटांची झाली. त्याचं वाईट वाटतं, आणि सुरी की हात यावर भांडण्यापेक्षा लोकांनी जुन्या जंगलासाठी भांडावं असंही वाटतं.

शिरीष_पेडणे

अगदी. ओळम्यांचंही तेच. वाळवी त्या बुरशीला वारुळात सांभाळते, माणसाला शेती जमलेली नाही. आणि वारुळं खणून काढणारे वाढलेत.

उत्तररात्र (येव्हले, स्वीडन)

आमच्या भागाचं सांगायला हवं. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचा ढग इथे आला आणि नेमका तेव्हा पाऊस पडला. किरणोत्सर्गी सीझियम-१३७ जंगलाच्या जमिनीच्या वरच्या थरात उतरलं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं आहे, त्यामुळे आजही ते आहे. बुरशी पोटॅशियमसारखंच सीझियम शोषते. सगळ्या जाती सारख्या नाहीत: टागस्वाम्प आणि त्रात्तकान्तारेलमध्ये तुलनेने जास्त सापडतं, कान्तारेलमध्ये कमी. स्वीडनमध्ये विक्रीसाठीची मर्यादा किलोमागे १५०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आहे. हंगामात चारदोनदा खाणाऱ्याने घाबरण्याचं कारण नाही. जो टोपल्या भरून वर्षभर खातो त्याने उकळून पाणी फेकावं, बरंच सीझियम पाण्याबरोबर जातं.

शिवाय: गोचीड. स्टॉकहोम-उप्साला पट्ट्यात गोचिडीमुळे मेंदूज्वर होतो, त्याची लस मिळते, घ्या. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग आणि काखा बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एल्कची (इथल्या मोठ्या हरणाची) शिकार सुरू होते, तेव्हा भडक रंगाचं काहीतरी अंगावर हवं.

बागेश्री

लस घेतली आहे. शिजवता कशी? मी सरळ फोडणीत टाकली तर रबरासारखी झाली.

देवराई

आधी कोरड्या कढईत, तेल न घालता. भरपूर पाणी सुटतं, ते आटेपर्यंत थांबायचं. आवाज बदलतो, चुरचुरायला लागते, तेव्हा लोणी आणि मीठ. कान्तारेलला माझ्या मते मिरपूड पुरे, गरम मसाल्यात ती हरवते. टागस्वाम्प घट्ट असते, तिचं कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून सुकं झकास होतं. त्रात्तकान्तारेल वाळवून ठेवावी. कोणतीही जंगली अळंबी कच्ची खायची नाही, आणि नवी जात पहिल्यांदा अगदी थोडी.

सह्यपुत्र (गोथेनबर्ग)

ताई, आज दुपारी त्रात्तकान्तारेल वेचल्या. हा धागा वाचून निवडायला बसलो. फोटोतल्या डावीकडच्या चार मला वेगळ्या वाटतात. देठ उभा चिरला, आत पोकळी नाही. खालचे पडदे जाड, विटकरी. अजून काही शिजवलेलं नाही.

देवराई

शिजवू नका. फोटोत टोपीचं टोक आणि देठावरचे पिवळसर पट्टे दोन्ही दिसताहेत. माझ्या नजरेला या यिफ्तस्पिंडलिंगच आहेत. या चार कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवा आणि जवळच्या सल्लागाराला दाखवा, म्हणजे हातात धरून ओळख पक्की होईल. बाकीची टोपली एकेक पालथी करून, प्रत्येक देठ चिरून बघा. तुटलेले तुकडे आणि ओळख न पटणारं सगळं टाकून द्या, मोह करू नका. अख्ख्या, पोकळ देठाच्या, खाली शिरा असलेल्या तेवढ्याच ठेवा.

निशिगंध

सहमत. हाताळल्याने काही होत नाही, हात धुवा, टोपली झटकून घ्या. घरात कुणी कच्चा तुकडा तोंडात घातला नाही ना? लहान मुलं असतील तर त्यांनाही विचारा. घातला असेल तर आत्ताच ११२.

सह्यपुत्र

कुणीच नाही. मुलगी जवळ होती, तिलाही विचारलं. सगळ्या चिरून बघितल्या, आणखी एक सापडली. ज्या जागेवर या पाच मिळाल्या ती नकाशावर खूण करून इथल्या गटात टाकतो, आमच्यातले बरेच जण त्याच तळ्याकडे जातात.